फोटोची उजवी बाजू

"इथून काप," म्हणत शरयूकाकूंनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर नखाने वरून खाली सरळ रेघ मारली. "ह्या उभ्या दिव्यापासून उजवीकडचं सगळं उडव. बघ कसा सुटसुटीत होतो फोटो!"

रेघ मारून झाल्यावर नख उजवीकडे सरकून नेमकं प्रतिमामावशीच्या नाकावर टेकलं होतं.

"पण काकू, उजवीकडे मावशी आहे," सावनी म्हणाली.

"अगं, म्हणूनच तर!"

डायनिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मनोहरकाका चहात खारी बुडवत होते. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या 'अंगण' मंडळाचे ते अध्यक्ष, आणि शरयूकाकू सांस्कृतिक सचिव. 'अंगण'चा यंदाचा, म्हणजे दोन हजार सहाचा गणपती रौप्यमहोत्सवी होता. एक्याऐंशी साली कुणाच्या तरी दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पहिला गणपती बसला, तिथपासून मंडळ आपली वर्षं मोजत होतं. त्या सगळ्या वर्षांचा स्लाइडशो करायचं काम पंधरा वर्षांच्या सावनीकडे आलं होतं, आणि पहिलाच फोटो दाखवल्याबरोबर हे नख आडवं आलं होतं.

"हे बघ बेटा," काका म्हणाले, "सत्यजित येतोय डॅलसहून. फाउंडर म्हणून सत्कार आहे त्याचा. रत्नावहिनी सोबत असणार. आता ती दोघं स्टेजवर बसलीत आणि मागे एवढ्या मोठ्या स्क्रीनवर त्याची पहिली बायको हसतेय, हे बरं दिसतं का? ऑकवर्ड होतं गं सगळ्यांनाच."

"मग मावशीला बोलावलंय का कार्यक्रमाला?"

काकांची खारी तुटून चहात पडली. ते चमच्याने ती शोधायला लागले.

"ती येत नाही हल्ली मंडळात," शरयूकाकू म्हणाल्या.

"बोलावलं तर येईल की."

"सावनी," बाबा म्हणाले.

एवढंच. पण बाबांच्या त्या एका 'सावनी'त बरंच काही बसायचं. मनोहरकाका माझ्याच कंपनीत माझ्या दोन पायऱ्या वर आहेत, आपल्या ग्रीन कार्डाचं अजून काही खरं नाही, आणि तू जरा गप्प बस, हे सगळं त्यात आलं. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने नळ सोडला.

सावनीने माउस फिरवला. मावशी गेली. उरले रुंद कॉलरचा शर्ट घातलेले तरुण सत्यजितकाका, हातात कागदी प्लेट धरून उभे असलेले काडीसारखे मनोहरकाका, त्यांच्यामागे एक उंच, टकले, गोरे आजोबा, आणि मनोहरकाकांच्या प्लेटवर कुठूनतरी हवेतून आलेला, हिरव्या बांगड्यांचा, डाव धरलेला एक हात.

"हा हात?" सावनीने विचारलं.

"हात राहू दे," शरयूकाकू म्हणाल्या. "हात काय, कुणाचाही असू शकतो."

एक गोष्ट मात्र सावनीने त्या दोघांना सांगितली नाही. ह्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप केलेला भाग कुठे जात नाही. तो तसाच असतो, फक्त दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी नागपूरहून आली तेव्हा हीच सावनी लंचच्या टेबलाच्या अगदी टोकाला बसून, डब्याचं झाकण अर्धवट उघडून पोळी खायची. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आपले उच्चार ऐकून मागची पोरं खुसखुसतील ह्या भीतीने दोन वर्षं तिने जवळजवळ मौनव्रतच पाळलं. मग गेल्या वर्षी मल्टिमीडियाचा तास घेतला. फोटो टाकायचे, टाइमलाइनवर पुढेमागे सरकवायचे, खाली म्युझिकची पट्टी, त्याखाली आवाजाची. आणि सावनीला शोधच लागला, की बोलायला तोंडच लागतं असं नाही! होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, आठवड्याचा तिचा स्लाइडशो अख्ख्या जिममध्ये लावला तेव्हा फुटबॉलच्या टीमपासून कॅफेटेरियातल्या बायकांपर्यंत सगळे आरडाओरडा करत होते. त्या दिवसापासून ती कॉरिडॉरच्या मधोमध चालायला लागली. हात वर करायला लागली. पुढे पुढे तर शिक्षक म्हणायला लागले, सावनी, आता जरा दुसऱ्यांनाही.

आणि मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांचे फोटो? ते सगळे आले होते प्रतिमामावशीच्या घरून, बुटांच्या एका जुन्या खोक्यातून. मावशी म्हणजे आईची बहीण वगैरे नव्हे. दोन गल्ल्या सोडून राहणारी, तेलाच्या विहिरींसाठी जमिनीखालचे खडक तपासणारी, सगळ्यांशी सारख्याच मोठ्या आवाजात बोलणारी बाई. ती सावनीला गाडी शिकवत होती. बाबांबरोबर शिकायचे दोन प्रयत्न झाले होते. दुसऱ्यात बाबांनी डोळेच मिटून घेतले.

म्हणजे मंडळाला खोकं हवं होतं. खोकेवाली नको होती.

शनिवारी सकाळी सावनी मावशीच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसली. फोर-वे स्टॉप आला, जिथे चारही रस्त्यांनी थांबायचं आणि आधी येईल त्याने आधी निघायचं. चारही बाजूंनी गाड्या. सावनी सगळ्यांच्या आधी आली होती, तरी समोरच्याला जाऊ दिलं, मग डावीकडच्याला, मग उजवीकडच्या आजीबाईंना, मग पुन्हा समोर आलेल्या नव्या ट्रकला.

"आता काय संध्याकाळपर्यंत इथेच बसायचं?" मावशी म्हणाली. "थांबलीस कशाला? तू आधी आलीस ना? मग तुझी टर्न आहे. घे पुढे!"

"जाऊ दे ना त्यांना. त्यांना घाई असेल."

"अगं, तू अशी सभ्यपणाने थांबून राहिलीस ना, की लोकांना कळतच नाही कुणी जायचं ते. मग टक्कर होते. घे पुढे."

सावनीने गाडी पुढे घेतली आणि त्याच दमात म्हणाली, "मावशी, त्यांनी तुला कापायला सांगितलंय."

"कुणी?"

सावनीने सगळं सांगितलं. दिवा, नख, ऑकवर्ड, खारी. मावशी मोठ्याने हसली.

"काप की मग! मला काय फरक पडतो? आठ वर्षं झाली डिव्होर्सला. त्या मनोहरला नुसता भात तरी करता येत होता का तेव्हा? दर रविवारी माझ्याकडे जेवायला. आला कसा माहितीये? मीच फोन केला होता त्याला."

"तू ओळखत होतीस?"

"छे गं! कुणालाच ओळखत नव्हते. नवीन लग्न, नवीन गाव, सत्यजित दिवसरात्र हॉस्पिटलात. मराठीत बोलायला माणूस नाही. मग मी काय केलं, ह्यूस्टनचं फोन बुक घेतलं. एवढं जाड! पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आपल्यासारखं आडनाव दिसलं की फोन फिरवायचा. हॅलो, तुम्ही मराठी का हो? बास, एवढंच विचारायचे. काही लोक फोनवर रडलेत, खोटं नाही सांगत."

"आणि नसले मराठी तर?"

"तर सॉरी. एक पार्कर निघाले. म्हटलं, 'कर' आहे नावात, असतील कोल्हापूरकडचे. तर हा रिटायर्ड अमेरिकन म्हातारा! म्हणाला, मराठी म्हणजे काय ते माहीत नाही, पण जेवायला बोलावत असाल तर येतो. आला की! मग दर वर्षी यायचा. श्रीखंड म्हणजे जीव त्याचा."

म्हणजे ते टकले आजोबा. सावनी हसली आणि गाडी थोडी लेनबाहेर गेली.

"मिरर!" मावशी ओरडली. "हं. तर असा तो पहिला गणपती."

"पण त्या फोटोत गणपती कुठे आहे? मी शोधला. दिसलाच नाही."

"मूर्ती कुठून आणणार ह्यूस्टनमध्ये तेव्हा? मूर्ती दोन वर्षांनी आली, सत्यजितने पुण्याहून आणली. पहिल्या वर्षी मी खोक्यावर माझी साडी घातली, वर ताट, ताटात तांदूळ आणि त्यावर सुपारी. सुपारीचा गणपती. माझ्यामागे बघ, असेल तिथे."

सावनीने एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. नीट, दोन पट्ट्यांच्या मध्ये. इंजिन बंद केलं. बंद होताक्षणी टेक्सासचं ऊन काचांवर येऊन बसलं.

"मावशी, खरं खरं सांग. तुला त्यात राहायचंय का? नको असेल तर मी कापते आणि कधीच विषय काढत नाही. पण मला तू सांग. त्यांनी नको सांगायला."

मावशीने पर्समधून गॉगल काढला, पुसला, पुन्हा आत ठेवला.

"घर सोडलं तेव्हा मी सगळं वाटून दिलं गं," ती शेवटी म्हणाली. "सोफा त्याला, डिनर सेट त्याला. मित्रमंडळी आपोआप त्याच्याकडे गेली, तो डॉक्टर ना. मी म्हटलं, जाऊ दे. पण ते मंडळ काही त्याला दिलं नव्हतं मी." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "राहायचंय. एसी लाव आता, उकडून मारतेस की काय!"

घरी येऊन सावनीने आधी लॅपटॉप उघडला. उजवी बाजू परत आणली, मोठी केली, आणखी मोठी केली. मावशीच्या कमरेमागे जांभळ्या साडीचं खोकं, त्यावर ताट, ताटात तांदळाचा ढीग, आणि त्यावर तपकिरी ठिपका. एवढासा!

तिने पुन्हा शरयूकाकूंच्या नखाच्या जागी रेघ मारून पाहिली. मावशी गेली आणि तिच्यासोबत गणपतीही गेला. खाली काकांनी सांगितलेली कॅप्शन तेवढी राहिली: 'पहिला गणपती, १९८१'. सावनी इतकी हसली, की आई लाटणं हातात घेऊन बघायला आली.

तिने सरळ काकांना फोन लावला. जुनी सावनी असती तर ईमेलही केली नसती.

"काका, मी मावशीला कापणार नाही."

"बेटा, हा कमिटीचा डिसिजन आहे."

"फोटो तिचे आहेत, काका."

"ठीक आहे. मग तुला त्रास नको. मोरेश्वर करेल. तो पॉवरपॉइंट मस्त करतो."

मोरेश्वरकाकांचे पॉवरपॉइंट सगळ्या शुगर लँडला माहीत होते. प्रत्येक अक्षर गिरक्या घेत यायचं, मग टाळ्यांचा आवाज, मग पुढचं अक्षर. 'हार्दिक स्वागत' पूर्ण होईपर्यंत माणसं चहा पिऊन यायची. पण खरी भीती ती नव्हती. मोरेश्वरकाका कापतील, आणि कापलेलंच कायमचं सेव्ह करतील, ही होती. मग मंडळाच्या फोटोंत मावशी खरोखरच कुठेच उरणार नाही.

"नको काका," सावनी घाईने म्हणाली. "मीच करते. तुम्हाला हव्या तशा फ्रेम्स पाठवते."

"दॅट्स लाइक अ गुड गर्ल."

फोन ठेवल्यावर तिने उशीला दोन गुद्दे घातले. गुड गर्ल म्हणे! मग ती टाइमलाइनसमोर बसली आणि पहिल्या फोटोवर क्लिक केलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: फोटोवर एक हिरवी चौकट ठेवायची आणि एक लाल. हिरवी म्हणजे सुरुवातीला काय दिसेल, लाल म्हणजे शेवटी काय दिसेल. मधला प्रवास सॉफ्टवेअर आपोआप करतं; चित्र हळूहळू सरकतं, जवळ येतं, लांब जातं. शाळेत सगळी मुलं लांबून सुरू करून चेहऱ्याजवळ जायची.

सावनीने हिरवी चौकट डावीकडच्या कापलेल्या भागावर ठेवली. काकूंच्या नखाला धरून, अगदी काटेकोर. आणि लाल चौकट चारही कोपऱ्यांना धरून ताणली. पूर्ण फोटो.

प्ले दाबलं. काडीसारखे मनोहरकाका, प्लेट, हवेतून आलेला हात. मग चित्र मागे सरकायला लागलं. हाताला मनगट आलं, मनगटाला कोपर, कोपराला खांदा, आणि मग खळखळून हसणारी अख्खी प्रतिमामावशी.

मग तिने मावशी असलेला प्रत्येक फोटो तसाच केला. पिकनिकचा, नाटकाच्या तालमीचा, बर्फ पडल्यावर सगळे वेड्यासारखे बाहेर धावले होते तो.

एवढ्यावर ती थांबेल तर कसली सावनी! रविवारी ती मायक्रोफोन घेऊन मावशीकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, ते फोनवरचं वाक्य म्हण. अगदी तेव्हा म्हणायचीस तसं."

मंडळाची कमिटी म्हणजे सगळी इंजिनिअर माणसं. त्यांना प्रत्येक गोष्टीचा रिव्ह्यू लागायचा. मागच्या दिवाळीत चकल्यांचाही झाला होता. सावनीने रिव्ह्यूसाठी प्रत्येक स्लाइडची सुरुवातीची फ्रेम ओळीने लावली आणि तो कागद पाठवला. खाली लिहिलं, 'काकूंनी सांगितल्याप्रमाणे सगळीकडे क्रॉप लावला आहे. प्रत्यक्ष चालवून बघायचं असल्यास मी लॅपटॉप घेऊन येते.' कुणीही चालवून बघितलं नाही. मनोहरकाकांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'लुक्स गुड. अप्रूव्ह्ड.' शरयूकाकूंनी एक सुधारणा सुचवली: कॅप्शनचा रंग भगवा करावा. सावनीने केला. पहिला गणपती, गणपतीशिवाय, भगव्या अक्षरांत मंजूर झाला.

पुढच्या रविवारी एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. सावनी मावशीच्या गाडीतून, स्वतः गाडी चालवत गेली. मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून मावशी शेजारी. आई-बाबा सजावटीसाठी सकाळीच कुणाच्या तरी गाडीतून पुढे गेले होते. फोर-वे स्टॉपला सावनी आज एकालाच जाऊ देऊन निघाली, ही प्रगती!

"मी गाडीतच बसते," पार्किंगमध्ये मावशी म्हणाली. "पुस्तक आहे, एसी आहे."

"मावशी, चल ना आत."

"न बोलावता? नाही गं. तेवढं सांगू नकोस. तू जा. ताठ बस."

आत उदबत्तीचा आणि मसालेभाताचा वास कोंदला होता. स्टेजच्या एका बाजूला मखर, मध्ये खुर्च्यांवर सत्यजितकाका आणि त्यांची दुसरी बायको रत्नाकाकू, मागे पांढरा पडदा. मनोहरकाकांनी भाषण केलं. पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हे रोपटं लावलं, वगैरे. शाल झाली, श्रीफळ झालं. मग दिवे मालवले आणि काका म्हणाले, "आता बघू या आपला प्रवास. थँक्स टू अवर ओन सावनी!"

सावनी प्रोजेक्टरपाशी बसली होती. तिने प्ले दाबलं.

भगवी अक्षरं. डावी बाजू. मनोहरकाकांचा काडीसारखा अवतार बघून लोक हसले. मग स्पीकरमधून जुन्या फोनची डायल फिरल्याचा आवाज आला, खर्रर्र, खर्रर्र, मग रिंग. आणि मग एक तरुण वाटावा असा खणखणीत आवाज सगळ्या कॅफेटेरियात घुमला:

"हॅलो, तुम्ही मराठी का हो?"

तिसऱ्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या काकूंच्या तोंडून पटकन निघालं, "हो!"

लोक वळून बघायला लागले. इकडे पडद्यावर चित्र मागे सरकत होतं. मनगट. कोपर. खांदा.

"अगंबाई, प्रतिमा!" कुणीतरी ओरडलं.

"ए, थांबव! थांबव ते!" मनोहरकाका मधल्या वाटेने धावत आले.

सावनीने शहाण्या मुलीसारखं पॉज दाबलं. चित्र पूर्ण उघडून थांबलं. दहा फुटांची प्रतिमामावशी डाव हातात घेऊन मनोहरकाकांना वाढत होती आणि तशीच वाढत राहिली.

"अगं, हे असं नाही! पुढचा घे!"

"तुम्हीच थांबव म्हणालात, काका."

मागच्या रांगांत खसखस पिकली. शरयूकाकू तरातरा आल्या. "सावनी, हे काय ठरलं होतं आपलं? पुसून टाक हा फोटो. आत्ताच्या आत्ता."

सावनी उठून उभी राहिली. जिममध्ये शाळेची हजार मुलं होती, पण ती नुसती पोरं होती. इथे सगळे काका-काकू. तरी ती बोलली, आणि माइक नसताना मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली.

"पुसते काकू. पण मग पहिला गणपतीच राहणार नाही."

"काहीतरी बोलू नकोस. गणपती कुठे आहे त्यात?"

सावनी चालत पडद्यापर्यंत गेली आणि बोट ठेवलं. "हा. सुपारीचा. मूर्ती दोन वर्षांनी आली. पहिला गणपती मावशीने तिच्या साडीवर मांडला, आणि जेवायला आलेल्या सगळ्यांना तिनेच फोन केले होते. तुम्ही दिव्यापासून उजवीकडचं काप म्हणालात ना, तर मावशीसोबत बाप्पापण कापला गेला. तसाच अप्रूव्हपण झाला. आता हा फोटो काढायचा तर काढू या. पण मग मूर्ती आली तिथपासून मोजावं लागेल. म्हणजे यंदा तेविसावं वर्ष. रौप्यमहोत्सव दोन वर्षांनी!"

मग रत्नाकाकूंनी खुर्ची उचलली, सरळ पडद्याकडे फिरवली आणि नीट बसून म्हणाल्या, "मला दिसतेय सुपारी. पण ते टकले आजोबा कोण हो?"

"पार्कर!" चारपाच जुनी माणसं एकदम ओरडली.

सत्यजितकाका शालीचा काठ चाचपत बसले होते. "श्रीखंड," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन दोन वाट्या."

मनोहरकाकांनी प्रोजेक्टरकडे, मग भिंतीतल्या प्लगकडे पाहिलं. प्लगपाशी बाबा उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे! चेहरा घाबरलेला, हाताची घडी, आणि एक पाय एक्स्टेन्शन कॉर्डच्या अलीकडे असा रोवलेला, की तिथपर्यंत पोचायचं तर आधी बाबांना हलवावं लागलं असतं.

"रवींद्र, जरा..."

"चालू दे ना, मनोहर," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण पाय हलला नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बाहेरचं पांढरं ऊन आत आलं. दारात आई होती. आई मघापासून दिसत नव्हती ते सावनीच्या आत्ता लक्षात आलं. आईने प्रतिमामावशीचं मनगट असं घट्ट धरलं होतं, जसं रस्ता ओलांडताना लहानपणी सावनीचं धरायची.

मावशीने पडद्याकडे पाहिलं. दहा फुटांची, तिशीही न गाठलेली आपणच आपल्याला बघतोय, ह्याची तिला जरा सवय करून घ्यावी लागली. सगळा कॅफेटेरिया तिच्याकडे वळला होता. आणि मग तिच्या नेहमीच्या, पार्किंग लॉटमधल्या आवाजात ती म्हणाली,

"सावनी! थांबलीस कशाला? तुझी टर्न आहे. घे पुढे!"

सावनीने कुणाकडेही न बघता प्ले दाबलं.

पिकनिक उघडली. तालीम उघडली. बर्फ उघडला. प्रत्येक वेळी चित्र डावीकडून मागे सरकायचं, आणि लोक आधीच ओरडायचे, आली, आली! प्रत्येक वेळी डायल फिरायची, तो आवाज विचारायचा, तुम्ही मराठी का हो, आणि आता अर्धा कॅफेटेरिया एका सुरात 'हो' म्हणायचा. तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मावशीला हात केला. मावशी जाऊन बसली. मनोहरकाका मधल्या वाटेत उभेच होते. बर्फाच्या फोटोत मावशी त्यांच्या डोक्यात बर्फाचा गोळा घालत होती. ते हसले नाहीत. पण तिथून हललेही नाहीत, शेवटपर्यंत.

जेवणाच्या रांगेत शरयूकाकूंनी सावनीला गाठलं. "पुढच्या वर्षी तुला काही देणार नाही आम्ही. लक्षात ठेव."

"चालेल काकू," सावनी म्हणाली. "खोकं मावशीकडेच आहे. मोरेश्वरकाकांना सांगा, तिला फोन करून मागायला."

काकूंनी तिच्या ताटात मसालेभात वाढला. जरा आपटूनच, पण वाढला.

परतताना मावशी शेजारच्या सीटवर मांडीत प्रसादाची पिशवी घेऊन बसली. मागच्या सीटवर आई-बाबा. सोमवारी ऑफिसात काय होईल ते बाबांना माहीत नव्हतं, आणि ते तसं दोनदा म्हणालेही. तिसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा आईने त्यांच्या हातात एक मोदक ठेवला.

शाळेच्या पार्किंगमधून बाहेर पडलं की फोर-वे स्टॉप. सावनी येऊन थांबली. पूर्ण थांबली, नियमाप्रमाणे. तेवढ्यात उजवीकडून मनोहरकाकांची मोठी व्हॅन आली आणि थांबल्यासारखं करून हळूच नाक पुढे काढायला लागली. आत शरयूकाकू, मागे मखराचे थर्मोकोलचे खांब.

बाबांनी डोळे मिटले. मावशीने पिशवीतून एक मोदक काढला आणि खिडकीबाहेर बघत खायला लागली.

सावनीने हॉर्नवर तळहात ठेवला. एकदाच वाजवला, छोटा, स्पष्ट. व्हॅनचं नाक जागच्या जागी थांबलं. मग तिने पाय उचलून दुसऱ्या पेडलवर ठेवला, आणि चौकाच्या मधोमधून गाडी पुढे घेतली.